बाळाचं नाव सुमन (बाळ मुलगा आहे)

ठाणेकर_आत्या (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिलाच, सांभाळून घ्या.

धाकट्या भावाला गेल्या आठवड्यात मुलगा झाला. ते ऐरोलीला, मी नौपाड्यात. रविवारी बारसं आहे. नाव ठरलंय: सुमन. आमच्या आईचं. आई मागच्या पावसाळ्यात गेली. भावजयीला दिवस गेल्याचं तिला कळलेलं होतं. दोन टोपरी विणायला घेतली होती, एक झालं, दुसरं सुईवरच राहिलं.

भाऊ म्हणतो, मुलगी झाली असती तर कोणी हूं की चूं केलं नसतं, मग मुलगा झाला म्हणून काय बिघडलं? भावजय त्याच्या बाजूने. बाकी अख्खं गणगोत विरोधात. डोंबिवलीची मावशी म्हणते, "उद्या मिशा फुटतील त्याला, तेव्हा सुमन हाक मारणार?" काकांचं म्हणणं, घराण्याचं नाव चालवायला आलेल्या पोराला बाईचं नाव कशाला. भाऊ त्यांना म्हणाला, "काका, तेच तर चालवतोय." तेव्हापासून काकांचा फोन नाही.

मी मधल्या मधे. कारण कानात कुर्र मला करायचंय. मला नाव आवडतंय, पण शाळेत पोरं काय करतील ते डोळ्यांपुढे येतं. तुमच्यात कोणी असं नाव ठेवलंय का? कोणाला स्वतःला आहे का?

---

बटाटा_वगळून_पोहे

नाव वाईट नाही हो, जुनं आहे. बायकी असण्यापेक्षा मोठा प्रश्न तो आहे. आमच्या सोसायटीत पाळणाघरात कियान, विहान, रेयान, अयान. त्यात हा सुमन. हजेरी घेताना बाईंना वाटेल कोणाची तरी आजी न्यायला आली.

---

नेरुळकरीण

आमच्या मजल्यावर बंगाली कुटुंब आहे. त्यांच्या थोरल्याचं नाव सुमन. सहा फूट, जिम, दाढी. पहिल्यांदा ओळख करून दिली तेव्हा मी मागे त्याची बायको उभी आहे का बघत होते. मावशींना (त्याच्या आईला) एकदा सांगितलं की आमच्यात हे बायकांचं नाव, तर त्यांना पटेचना. म्हणाल्या, "लड़की का कैसे होगा?"

आणि ज्योती बसू विसरलात का? १९७७ ते २०००, तेवीस वर्षं मुख्यमंत्री. आपल्याकडे ज्योती म्हटलं की बँकेतल्या काउंटरवरच्या ज्योतीताईच आठवतात.

---

निवृत्त_गावगुंड

छान. आता मुलगी झाली की दगडू ठेवा. समानता म्हणजे समानता.
(ह. घ्या.)

---

कढीपत्ता

@निवृत्त_गावगुंड, हलकंच घेतलं, पण मुलींना मुलग्यांची नावं कधीचीच आहेत. अत्र्यांची मुलगी शिरीष पै. मराठीत हायकू रुजवणाऱ्या कवयित्री. शिरीष हे नाव आजही शंभरातल्या नव्वद जणांना पुरुषाचं वाटेल. सुहास जोशी अभिनेत्री, सुहास शिरवळकर कादंबरीकार. कोणाचं काही अडलं नाही.

मुलीला पँट घातली की "किती स्मार्ट", मुलाला फ्रॉक घातला की "हे काय". नावाचंही तेच. मुलीला आपण कौतुकाने "माझा वाघ" म्हणतो, "काय करतोस रे सोन्या" म्हणतो. मुलाला कोणी "माझी वाघीण" म्हटल्याचं मी तरी ऐकलं नाही. वरच्या पायरीवरून खाली यायला लाज वाटते, एवढंच हे आहे. सुमन नावात काही खोट नाही.

---

शीतल_कोपरखैरणे

धागा वाचून लॉगिन केलं. पासवर्ड विसरलो होतो, नवीन करून आलोय.

मी शीतल. पुरुष, वय ४४, वजन ८७. मूळ सांगलीकडचा, जैन. आमच्यात शीतलनाथ हे दहावे तीर्थंकर, त्यामुळे शीतल हे मुलाचंच नाव. आमच्या वर्गात तीन शीतल होते, तिन्ही मुलगे. मास्तर आडनावाने हाक मारायचे कारण आम्ही तिघेही एकदम उभे राहायचो. बारावीपर्यंत मला माहीतच नव्हतं की हे नाव मुलींचंही असतं.

मग इंजिनीअरिंगला नवी मुंबईत आलो. हॉस्टेलच्या यादीत माझं नाव मुलींच्या वसतिगृहात. खोली क्रमांक, कॉट क्रमांक सगळं. ट्रंक घेऊन दारात उभा, आणि आतून रेक्टर बाई चावी घेऊन आल्या. त्या हसल्या नाहीत हे त्यांचे उपकार, बाकी सगळा व्हरांडा हसला. चार वर्षं माझं नाव "कॉट नंबर दोन".

मग बँका. "शीतल मॅडम आहेत का?" "मीच बोलतोय." "सर, मॅडमना द्या." हे इतक्या वेळा झालंय की मी सरळ फोन बायकोकडे देतो. ती माझ्यापेक्षा चांगली शीतल आहे, जन्मतारीखही न अडखळता सांगते. एकदा एजंटने रेल्वेच्या तिकिटावर लिंगाच्या रकान्यात स्त्री टाकलं. कल्याणच्या पुढे टीसी आला. त्याने हातातल्या यादीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत यादीकडे पाहिलं. शेवटी म्हणाला, "तुम्ही झोपा."

हे सगळं सांगताना हसू येतं. एकोणिसाव्या वर्षी येत नव्हतं. लोकलमध्ये मागून मित्राने "शीतल" म्हणून ओरडलं की मी वळायचो नाही, डबाभर लोक बघतील म्हणून. बायकांच्या डब्यातल्याही वळून बघायच्या.

नाव बदललं नाही. वडिलांना एकदा विचारलं, तर त्यांना प्रश्नच कळला नाही. "तीर्थंकराचं नाव आहे, बदलून काय ठेवणार?" पण खरं सांगायचं तर माझ्या मुलाच्या वेळी मी आर्यन ठेवलं. हिंमत झाली नाही.

---

नेरुळकरीण

"तुम्ही झोपा" 😂😂 टीसीला दंडवत.

---

व्याकरणाचा_तास

शीतलरावांच्या प्रतिसादाला जोडून. आमच्याच शेजारच्या परंपरेत एकोणिसावे तीर्थंकर मल्लिनाथ. श्वेतांबर त्यांना स्त्री मानतात, मल्ली. दिगंबर पुरुष मानतात. नाव एक, पूज्य व्यक्ती एक, आणि लिंगावर शेकडो वर्षांचा मतभेद. तुमच्या काकांना हे सांगून बघा.

आता 'सुमन'. संस्कृतात शब्द सुमनस्. अमरकोशात तो दोनदा भेटतो. एकदा देवांच्या नावांत, तेव्हा पुल्लिंगी. पुन्हा फुलांच्या नावांत, तेव्हा स्त्रीलिंगी. 'चांगल्या मनाचा' हा अर्थ घेतला तर विशेषण, म्हणजे तिन्ही लिंगांत चालू. सौमनस्य हा शब्द तिथूनच आला. तेव्हा शब्दाची तक्रार नाही. तक्रार आपल्या कानांची आहे.

आपल्या आज्यांची एक पिढी आठवा: कमल, विमल, कुसुम, सुमन, मंगल, निर्मल. यातलं एकही नाव संस्कृतातल्या नेहमीच्या आकारान्त-ईकारान्त स्त्रीनामांसारखं नाही. कमल आणि कुसुम मुळात नपुंसकलिंगी. विमल, निर्मल, मंगल विशेषणं. मराठीने ती उचलून बायकांना दिली आणि हिंदीने त्यातली बरीच पुरुषांना. १८५७ चा मंगल पांडे घ्या. हिंदी लेखक निर्मल वर्मा घ्या. आणि उज्जैनचे कवी शिवमंगल सिंह 'सुमन' तर काय, एका माणसात मराठीच्या दोन आज्या.

बरं, शेवटी 'आ' आला की बाई, हेही आपल्याच भाषेत टिकत नाही. घोडा, आंबा, मुलगा हे सगळे पुरुष. सुदामा, अश्वत्थामा, ब्रह्मा हेही. कृष्णा म्हणजे साताऱ्याची नदी, कृष्णा म्हणजे द्रौपदी, आणि कृष्णा म्हणजे आमच्या इमारतीचा वॉचमन.

एक गंमत अजून. मराठीत नावाने लिंग सांगायची गरजच पडत नाही, ते काम क्रियापद करतं. "किरण आला", "किरण आली". झालं. किरण मोरे यष्टीमागे होता आणि किरण बेदी पोलिसात होत्या, गोंधळ कधी झाला? बाळाचं तर आणखी छान. "बाळ उठलं, बाळ रडतंय." लेकरू, पिल्लू, पोर, सगळं 'ते'. बारसं होईपर्यंत मराठी त्याला मुलगा म्हणतही नाही आणि मुलगीही. तुमच्याकडे रविवारपर्यंत वेळ आहे.

---

बटाटा_वगळून_पोहे

तास संपला. घंटा झाली. पण मस्त.

---

ठाणेकर_आत्या

शीतलजी, तुमचा प्रतिसाद भावाला पाठवला. तो बराच वेळ टायपिंग टायपिंग दाखवत होता, शेवटी नुसता "हं" आला.

राशीच्या अक्षराचं दोघांनी खासगीत विचारलं. 'दी' आलंय, पूर्वाभाद्रपदा. मावशीने लगेच दीपक, दिनेश, दीपांकर यादी पाठवली. काकूंनी तोडगा काढलाय, सुमनच्या जागी सुमेध. "पहिलं अक्षर आईचंच राहिलं की." भावाने विचारलं, मग साखर, साबण, साबूदाणा काय वाईट?

---

खाडीपलीकडचा

माझं वय सत्तरीच्या पुढे, कळव्यात जन्म. आमच्या लहानपणी हे अजिबात नवीन नव्हतं, फक्त कारण वेगळं असायचं. आधीची मुलं जगली नाहीत की पुढच्या मुलाला मुलीसारखं वाढवायचे. नाक टोचायचे, नथ घालायचे. नथू, नथुराम ही नावं त्यातून आली. यमाला वाटावं मुलगी आहे, हिला नेऊन काय करायचं. दुसरी तऱ्हा म्हणजे धोंडू, दगडू, केरबा, भिकू. म्हणजे टाकाऊ आहे, हात लावू नकोस.

आता यात मेख बघा. यमालासुद्धा मुलगी नको असणार, हे लोकांनी गृहीत धरलेलं होतं! मुलीचं रूप हे मुलाला वाचवायला, आणि खऱ्या मुलीचं नाव मात्र नकोशी. सातारा जिल्ह्यात २०११ साली २८५ नकुशांना समारंभ करून नवीन नावं दिली, पेपरात वाचलं असेल. ही शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट नव्हे.

ते सोडा. तुमच्यातल्या पन्नाशीच्या पुढच्या पुरुषांनी घरचा जुना आल्बम काढावा. जावळ काढायच्या आधीचा, दोन वेण्या, फ्रॉक आणि कपाळाला चंद्रकोर असा एक फोटो सापडेलच. माझा आहे. मुद्दाम तलावपाळीजवळच्या स्टुडिओत नेऊन काढलेला. मागे पडद्यावर रंगवलेला ताजमहाल.

---

निवृत्त_गावगुंड

माझाही आहे. टाकणार नाही.

---

कढीपत्ता

टाका टाका!!

---

अर्ज_तीन_प्रतीत

थोडं कामाचं बोलतो, महापालिकेच्या खिडकीच्या आतल्या बाजूला काही वर्षं काढली आहेत.

जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी, ती बहुतेक वेळा रुग्णालयच करतं. त्यासाठी नाव ठरलेलं असायची गरज नाही. नावाशिवाय नोंद होते. पुढे १२ महिन्यांत नाव घातलं तर शुल्क नाही, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत घालता येतं. तेव्हा घरात वाद असेल तर दाखला रिकामा ठेवा, बारसं उरकून घ्या. एकदा घातलेलं नाव बदलायचं म्हणजे राजपत्र वगैरे आलं, आणि ते झाल्यावर शाळा, आधार, पासपोर्ट प्रत्येक ठिकाणी पुन्हा तीच कथा. बाईचं नाव मुलाला ठेवू नये असा आपल्याकडे कायदा नाही. लिंगाचा रकाना वेगळा असतो.

जर्मनीत असा वाद झाला आहे. तिथे निबंधक नावावरून लिंग कळलं पाहिजे म्हणून अडून बसायचे. एका मुलीचं भारतीय नाव त्यांनी नाकारलं, प्रकरण २००८ मध्ये तिथल्या घटना न्यायालयापर्यंत गेलं, आई-वडील जिंकले. नाव कोणतं होतं सांगा? किरण!

आणि धागाकर्तींसाठी एक धोक्याची सूचना. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या नावात आपल्या राज्यात आधी आईचं नाव, मग वडिलांचं. म्हणजे तुमच्या भाच्याचं नाव सुमन, पुढे भावजयीचं नाव, मग भावाचं. कागद वरवर चाळणारा कोणीही समजेल बहिणी-बहिणी आहेत.

---

शीतल_कोपरखैरणे

भाचा नाही हो, भाचरू म्हणा रविवारपर्यंत. तास ऐकला नाही का?

---

पाचपाखाडी_पंधरा

भावाच्या मुलाला आत्या भाचाच म्हणते, बरोबर आहे. (मी हे शोधून आले.)

अवांतर: आमच्या ओळखीत चेंदणीला एक ख्रिस्ती काका होते, नाव लेस्ली. शाळेत टिंगल झाली की म्हणायचे, हॉकीतला लेस्ली क्लॉडियस ऑलिम्पिकची चार पदकं घेऊन आलाय, तुझ्याकडे किती आहेत?

---

नेरुळकरीण

@ठाणेकर_आत्या, सगळ्यांचं सांगितलंत. मावशी, काका, काकू. तुमच्या बाबांचं काय म्हणणं आहे? ते तर कुठेच दिसत नाहीत.

---

ठाणेकर_आत्या

मला वाटलंच होतं कोणीतरी विचारेल.

बाबा काहीच बोलत नाहीत. वागळे इस्टेटला कारखान्यात पस्तीस वर्षं काढली, मशीनच्या आवाजात बोलायची सवयच राहिली नाही असं आई म्हणायची. भावाने नाव सांगितलं तेव्हा ते उठून गॅलरीत गेले आणि तुळशीला पाणी घातलं. सकाळी आधीच घातलं होतं.

काल मी मावशीशी भांडायला म्हणून फोन केला. "तुझ्या सख्ख्या बहिणीचं नाव आहे, तुला अभिमान नको?" तर ती म्हणाली, "माझ्या बहिणीचं नाव कुंदा. सुमन तुमच्या घरचं."

आणि मी गप्प झाले. खरंच की. आईचं माहेरचं नाव कुंदा. मावशी, मामा, आजोळचे सगळे तिला कुंदाच म्हणायचे आणि मला लहानपणी ते दोन वेगळ्या बायांसारखं वाटायचं. सुमन हे लग्नात ठेवलेलं. म्हणजे बाबांनी ठेवलेलं. ७९ साली, ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलं असणार.

आणि ते लिहिल्यावर बाबांनी ते नाव एकदाही उच्चारलेलं मी ऐकलं नाही. आमच्या घरात आईला हाक म्हणजे "ऐकलंस का". दवाखान्यात नर्सने पेशंटचं नाव विचारलं तेव्हाही त्यांनी कार्ड पुढे केलं.

आता भावजय म्हणते, बाबांना त्रास होणार असेल तर नको. भाऊ म्हणतो, विचारून टाकू. मी म्हटलं, कसं विचारणार?

---

खाडीपलीकडचा

विचारू नका. आमच्या पिढीला विचारलं की आम्ही "तुमचं तुम्ही बघा" म्हणतो आणि मग वर्षभर मनात ठेवतो.

---

व्याकरणाचा_तास

हे मोठ्यांचं नाव न घेण्याचं प्रकरण वरवर दिसतं त्यापेक्षा खोल गेलेलं आहे. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवायचे, पण सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं कसं? मग ती त्याला बाळ, नाना, अण्णा, बापू असं काहीतरी म्हणायची आणि तेच जन्माला चिकटायचं. टिळकांचं नाव केशव, जग ओळखतं बाळ गंगाधर म्हणून. घराघरातल्या कितीतरी नानांची, बापूंची खरी नावं फक्त रेशन कार्डावर.

आजोबांची नावं अशी फिरून फिरून येत राहिली. आजीचं नाव मात्र नातीला ठेवलं तरी ती लग्न होऊन गेली की पुसलं जायचं. तुमच्या आईचं पुसलंच होतं, कुंदा होती ना ती. मुलाला ठेवलं तर कोणी पुसणार नाही. तुमच्या भावाला हे सुचलंय का माहीत नाही, पण हिशेब चोख आहे.

---

बटाटा_वगळून_पोहे

एक प्रॅक्टिकल प्रश्न. तुमची भावजय सासूच्या नावाने पोराला ओरडणार कशी? "सुमन, किती वेळा सांगितलं, भिंतीवर पेन्सिल नको!" बऱ्याच सुनांची इच्छा पूर्ण होईल म्हणा.

---

निवृत्त_गावगुंड

आता कळलं भावजय बाजूने का आहे 😄

(यापुढचे चार प्रतिसाद सासू-सून विषयाकडे वळल्यामुळे अप्रकाशित केले आहेत. त्यासाठी वेगळा धागा आहे, त्याची सध्या अकरा पानं झाली आहेत. - संपादक)

---

कढीपत्ता

मला एवढंच म्हणायचंय की घारापुरीला जाऊन या. नेरुळ-बेलापूरकडून खाडीत दिसतं ते बेट. तिथे लेण्यात अर्धनारीनटेश्वर आहे, अर्धा देह पुरुषाचा, अर्धा बाईचा. त्याला आपण नमस्कार करतो. ज्ञानेश्वरांना माउली म्हणतो, वारीत मिशाळ बाप्यांना माउली म्हणून वाट मागतो, विठोबाची विठाई करतो. एवढं सगळं चालतं आणि ऐरोलीतल्या तीन किलोच्या बाळाला सुमन चालत नाही.

---

पाचपाखाडी_पंधरा

देवाला शाळेत जायचं नसतं गं. मी मुलांच्या शाळेत शिकवते. सांगते, नावावरून चिडवतात ते चौथी ते आठवी. पण चिडवायला पोरांना नाव लागतं असंही नाही. आमच्याकडे एक शौर्य आहे, त्याला सगळे शौचालय म्हणतात. आई-वडिलांनी वीरश्री बघून ठेवलेलं नाव.

शीतलजींचा अनुभव मात्र पुसून टाकू नका. त्यांच्या गावात तीन शीतल होते म्हणून त्यांना बारावीपर्यंत काही वाटलं नाही. ऐरोलीत हा एकटा असणार. त्याला लवकर सांगा हे कोणाचं नाव आहे, आजीचा फोटो दाखवून सांगा. चिडवलं तर उत्तर तयार हवं त्याच्याकडे.

---

ठाणेकर_आत्या

बारशाचा वृत्तांत. सोमवारी पहाटे लिहितेय, झोप नाही.

हॉल नाही, घरातच केलं. पाळणा शेजारच्यांचा, झेंडू ठाण्याच्या बाजारातला, घुगऱ्या मावशीच्या. हो, मावशी आली. "माझा विरोध आहे, पण घुगऱ्या तुम्हाला जमणार नाहीत." काका आले नाहीत, काकू आल्या.

गुरुजी आले. ताटात तांदूळ पसरले आणि म्हणाले, चार नावं लिहायची. एक कुलदेवतेचं, एक महिन्याचं, एक नक्षत्राचं, एक व्यवहाराचं. कुलदेवता विचारली. योगेश्वरी. मग पहिलं नाव लिहायचं योगेश्वरीभक्त. काकू माझ्याकडे बघायला लागल्या. पहिल्याच ओळीत देवी!

तीन नावं भावाने लिहिली. चौथ्याला गुरुजींनी विचारलं, "व्यवहारनाम?" भावाने अंगठी हातात धरलीय आणि लिहीत नाहीये. सगळे गप्प. कुकरची शिट्टी तेवढी झाली. मग त्याने ताट उचललं आणि सोफ्यावर बाबा बसले होते, त्यांच्या मांडीवर ठेवलं. काही बोलला नाही. बोलला असता तर बिघडलं असतं असं आता वाटतं.

बाबांनी चष्मा लावला. अंगठी घेतली. आधी भावाने लिहिलेली तीन नावं वाचली, एका अक्षराची वेलांटी नीट केली. मग खाली जागा केली, तांदूळ तळव्याने सारखे केले, आणि लिहिलं. बाबांचा 'सु' आम्हाला ओळखू येतो, खालचा उकार लांब ओढतात. लिहून ताट गुरुजींना दिलं आणि पाय मोकळे करायला खाली गेले.

मावशी ताटाकडे बघत म्हणाली, "लग्नातही असंच लिहिलं होतं. भटजी म्हणाले, उकार ताटाबाहेर जातोय."

मग गोविंद घ्या, गोपाळ घ्या झालं. मी वाकले, कानात नाव सांगितलं. पाठीत धपाट्यांचा मारा झाला, सगळ्यात जोरात मावशीने घातला. बाळ झोपलेलंच होतं. आईने विणलेलं टोपरं त्याला घट्ट होतंय, म्हणून मागून उसवून लेस लावलीय.

---

नेरुळकरीण

ट्रेनमध्ये वाचलं. तुर्भ्याला उतरायचं होतं, सानपाड्याला उतरलेय.

---

खाडीपलीकडचा

बाळास आशीर्वाद. तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा.

---

निवृत्त_गावगुंड

अभिनंदन आत्याबाई. चौथ्या पानावरचं दगडूबद्दलचं मागे घेतो.
(फोटो तरीही टाकणार नाही.)

---

बटाटा_वगळून_पोहे

हे पहिलं पान आहे गावगुंडकाका.

---

ठाणेकर_आत्या

तीन महिन्यांनी धागा वर काढतेय. दोघातिघांनी विचारलं, म्हणून.

दाखल्यावर नाव घालून झालं. खिडकीतल्या बाईंनी अर्ज वाचला आणि म्हणाल्या, "अभिनंदन, पहिली बेटी." भावाने लिंगाच्या रकान्यावर बोट ठेवलं. त्यांनी वाचलं, पुन्हा नाव वाचलं, आणि म्हणाल्या, "माझ्या सासूबाईंचंही हेच नाव." मग शिक्का मारला. बाकी काही नाही.

काका आले शेवटी, चांदीचा वाळा घेऊन. ते त्याला 'सुम्या' म्हणतात. काकांच्या तोंडून सुम्या अगदी पैलवान वाटतो.

बाबा अजून नाव घेत नाहीत. ते ऐरोलीला आता दर दोन दिवसांनी जातात, ठाण्याहून लोकलने, उभ्याने. पाळण्याशी खुर्ची ओढून बसतात आणि म्हणतात, "ऐकलंस का". पोर मान वळवून बघतं. आम्ही सुमन, सुमन करून घसा कोरडा केला तरी ढिम्म.

---

शीतल_कोपरखैरणे

वा! रेल्वेचं तिकीट काढाल तेव्हा लिंगाचा रकाना दोनदा तपासा.